शनिवारची संध्याकाळ दोघांची: सुट्टी एकाच वेळी कशी सुरू करावी

शनिवारी संध्याकाळी साडेसातला आमच्या इमारतीतल्या बहुतेक घरांत एकच दृश्य असते. एक जण सोफ्यावर पाय पसरून टीव्हीसमोर बसलेला असतो आणि दुसरे माणूस ओट्यापाशी उभे राहून कुकरच्या शिट्ट्या मोजत असते. विचारले तर दोघेही सांगतील की आज आम्ही घरीच निवांत आहोत. प्रत्यक्षात एकाची सुट्टी दुपारीच सुरू झालेली असते आणि दुसऱ्याची सुरू होणार असते ती ओटा पुसून झाल्यावर, रात्री साडेदहाला. तोवर पहिल्याला जांभया येऊ लागतात. घरच्या घरी संध्याकाळ छान घालवण्याचे जे उपाय सुचवले जातात, मग ती गाणी असोत, सिनेमा असो किंवा मंद दिवे असोत, ते सगळे याच एका ठिकाणी अडतात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एकाच हेतूने मांडली आहे: नवरा-बायकोची सुट्टी एकाच मिनिटाला सुरू झाली पाहिजे. आमच्या घरी हे जमायला बारा वर्षे लागली आणि त्यातली निम्मी रुसण्यात गेली.

पहिली पायरी: दोघांची मिळून संध्याकाळ कोणती, हे शोधणे

हे वाटते तितके सोपे नाही. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा मिळाला, बँकांना १ सप्टेंबर २०१५ पासून फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली, आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी बहुतेक ठिकाणी गुरुवारी असते. मी बँकेत आणि नवरा भोसरीच्या कारखान्यात, त्यामुळे लग्नानंतरची कितीतरी वर्षे आमच्या सुट्ट्या एकमेकींना ओझरत्याही भेटल्या नाहीत. तेव्हा आम्ही बुधवारची संध्याकाळ धरली होती. दुसऱ्या दिवशी तो उशिरापर्यंत झोपे आणि मी डोळे चोळत कामावर जाई. पुढे त्याने नोकरी बदलली आणि रविवार दोघांचा झाला.

भिंतीवरचे कॅलेंडर काढावे आणि महिन्यातल्या ज्या संध्याकाळींनंतरची सकाळ दोघांनाही मोकळी आहे, त्यांवर खूण करावी. चार खुणा होत असतील तर उत्तम, दोनच झाल्या तरी चालेल. मात्र त्या दोन पाहुणे, लग्ने आणि सोसायटीच्या बैठकांपासून राखाव्या लागतील. रविवारची संध्याकाळ मी मुद्दाम धरत नाही, कारण पाच वाजल्यापासूनच घरात सोमवार शिरलेला असतो: गणवेशाला इस्त्री, डब्याची भाजी निवडणे, ऑफिसच्या गटावर आलेला पहिला निरोप. ज्यांना रविवारी बाहेर पडायचे असेल त्यांनी दिवसाउजेडी पडावे, पण मुंबईकरांना मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहिल्यावर तोही उत्साह फारसा उरत नाही.

परदेशातल्या जोडप्यांची अडचण निराळी आहे. न्यूजर्सीत उन्हाळ्यात शनिवारी रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा पुण्यात रविवारच्या पहाटेचे सहा वाजलेले असतात आणि उठलेले आईवडील फोन हातात घेऊन वाट पाहत असतात. तो व्हिडिओ कॉल तासभर चालतो आणि संध्याकाळ संपते. त्याच फोनसाठी शनिवारची सकाळ ठरवून घ्यावी; तिकडे नऊ वाजले की इकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, दोन्हीकडे माणसे जागी आणि ताजी असतात, आणि संध्याकाळ तुमच्याकडे राहते.

दुसरी पायरी: चारला काम सुरू, सव्वासातला बंद

निवांत संध्याकाळ दुपारी चार वाजता कामाने सुरू होते, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मशीनमधला शेवटचा लोड, दोरीवरचे कपडे आणि त्यांच्या घड्या, तापवायचे दूध, पाण्याच्या बाटल्या, कचरा, रविवारी लागणारी भाजी, ही कामे कुठेही जात नाहीत. ती रात्री नऊ वाजता कोणाच्या तरी मनात उभी राहतात आणि ते माणूस उठून जाते. म्हणून एका कागदावर ती सगळी लिहून कागद फ्रिजवर लावावा आणि प्रत्येक कामासमोर एकच नाव लिहावे.

इथे ‘मदत’ हा शब्द घरातून हद्दपार करण्याची गरज आहे. मदत करणारा माणूस दर पाच मिनिटांनी विचारतो की हिंग कुठे आहे, डाळ किती घेऊ, हे भांडे चालेल का. आणि ज्याने उत्तरे द्यायची तो कामातून सुटलेला नसतोच. आमच्याकडे हा संवाद पुष्कळ वेळा झाला आहे.

“अगं, मी मदत करतो ना.”

“मदत नको. आजचे जेवण तुझे.”

जेवण ‘तुझे’ याचा अर्थ नीट समजून घ्यावा. काय करायचे हे ठरवणे, घरात डाळ-तांदूळ आहेत का हे सकाळीच पाहणे, शिजवणे, वाढणे, उरलेले छोट्या डब्यात काढणे, खरकटी भांडी विसळून सिंकमध्ये लावणे आणि ओटा पुसून गॅसचा कॉक बंद करणे, इतके सगळे त्या एका शब्दात आले. दुसऱ्याने त्या वेळात कपडे आणि बाकीचे घर उरकावे. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. पहिल्या काही शनिवारी पदार्थ बिघडतो, ओट्याच्या कोपऱ्यात पाणी राहते. त्यावर काहीही न बोलणे हे दुसऱ्या माणसाचे काम, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मला ते कपड्यांच्या घड्यांपेक्षा जड गेले.

घरात सासू-सासरे असतील तर त्यांच्या जेवणाची आणि गोळ्यांची वेळ आपल्या सोयीसाठी पुढे ढकलू नये. त्यांच्याबरोबरच साडेसातला जेवून घ्यावे आणि आपली संध्याकाळ त्यानंतर धरावी. लहान मुले असतील तर ती झोपल्यावरच्या दीड तासावर समाधान मानावे लागते. मोठ्या मुलांना मात्र सरळ सांगावे की आज रात्री आईबाबांना हाक मारण्याआधी दोनदा विचार करा. त्यांना ते कळते.

तिसरी पायरी: तव्यावरून ताटात जाणारे काहीही करू नये

शनिवारी काय खायचे याचा एकच नियम मी सांगेन, आणि तो चवीशी संबंधित नाही. जो पदार्थ गरमागरम एकेक करून वाढावा लागतो तो या संध्याकाळी वर्ज्य. थालीपीठ, भजी, पुऱ्या, घावन, डोसे हे सगळे उत्तम पदार्थ आहेत; परंतु एक जण खात असताना दुसरा तव्यापाशी उभा असतो आणि तो जेवायला बसेपर्यंत पहिल्याचे ताट वाळलेले असते. दोघांनी ओट्याशीच उभे राहून तव्यावरचे तोडून खाल्ले तर गोष्ट वेगळी, तीही एक मजाच आहे. एरवी थालीपिठाला रविवारची सकाळ द्यावी.

शनिवारसाठी खिचडीइतका समजूतदार पदार्थ नाही. दोघांपुरती पाऊण वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुऊन निथळत ठेवावी. कुकरमध्येच तुपाची फोडणी करून त्यात जिरे, हिंग, हळद, चार-पाच मिरे आणि कढीपत्ता घालावा, डाळ-तांदूळ दोन मिनिटे परतावेत, चार वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून झाकण लावावे. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या झाल्या की आच मंद करून पाच मिनिटांनी गॅस बंद करावा. त्यानंतर कुकरचे प्रेशर आपोआप उतरायला जी दहा-बारा मिनिटे लागतात, ती स्वयंपाक करणाऱ्याच्या अंघोळीची. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडण्याची घाई करू नये, कारण पातळ खिचडी त्या वाटेने छतापर्यंत जाते. पापड आधीच भाजून डब्यात ठेवावेत, ताक तांब्यात, लोणचे बरणीतच टेबलावर. एकदा बसल्यावर कोणीही उठायचे नाही.

बाहेरून मागवायला माझी हरकत नाही, फक्त काय मागवायचे ते शुक्रवारीच ठरवावे. भुकेल्या पोटी दोन माणसांनी एकाच फोनवर मेनू चाळणे म्हणजे भांडणाला आवतण आहे. आणि चहा साडेपाचनंतर नको: पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे आठचा चहा रात्री एकपर्यंत जागवू शकतो. ज्या घरांत शनिवारी एखादा पेग घेतला जातो, तिथे तो जेवणासोबत आणि मोजून घ्यावा. झोप लागण्यासाठी घेऊ नये; दारूने डोळा लवकर लागला तरी पहाटे झोपमोड होते.

चौथी पायरी: घराचा आवाज आणि उजेड बदलणे

दिवेलागणीला खिडक्या लावून घ्याव्यात, नाहीतर पुढचे दोन तास डासांवर टाळ्या वाजवण्यात जातात. साडेसातनंतर जाळीच्या खिडक्या पुन्हा उघडाव्यात. अंघोळ करून कपडे बदलावेत. दिवसभर अंगावर असलेला गाऊन किंवा बर्म्युडा तसाच राहिला तर मन ‘अजून काम संपलेले नाही’ असेच धरून बसते. ट्यूबलाइट बंद करून कोपऱ्यातला एकच पिवळा दिवा लावावा. आमच्याकडे लॅम्प नव्हता तेव्हा आम्ही स्वयंपाकघरातला दिवा लावून दिवाणखान्यात बसत असू, आणि तो तिरपा उजेडही पुरत असे.

फोनचे काय करायचे यावर लोक फार मोठे पण करतात आणि तासाभरात मोडतात. आम्ही साधी तडजोड केली आहे. दोन्ही फोन फ्रिजवर, रिंग चालू, पण बाकी सगळ्या सूचना बंद. घरच्या चार माणसांचा फोन आला तर घ्यायचा; बाकी सोसायटीच्या गटात पाण्याच्या टाकीवरून चाललेली लढाई रविवारी सकाळीही तिथेच असते. ज्यांना रुग्णालयाची किंवा कारखान्याची ‘ऑन कॉल’ ड्यूटी आहे त्यांनी त्या रात्री हा खटाटोपच करू नये, संध्याकाळ सरळ दुसऱ्या दिवशी हलवावी.

पाचवी पायरी: एकच गोष्ट निवडणे

तीन तासांत सिनेमा, पत्ते, गप्पा आणि गाणी हे सगळे कोंबायला गेले की सहलीसारखी धावपळ होते. एक गोष्ट निवडावी.

पत्त्यांचे म्हणाल तर लहानपणचे बहुतेक डाव दोघांत फसतात. बदाम सात दोघांनी खेळला तर जे पान आपल्याकडे नाही ते समोरच्याकडे आहे हे उघडच असते, त्यामुळे अडवाअडवीतली गंमत निघून जाते. मेंढीकोटला चार माणसे लागतात, आणि पाच-तीन-दोनला तीन. घरात पत्ते कळणारे मूल असेल तर तीस पानांचा हा डाव अर्धा तास मांडून मग त्याला झोपायला पाठवता येते. दोघांत खरी रंगते ती रमी: दोन कॅट एकत्र पिसून तेरा-तेरा पाने वाटावीत, गुण वहीत मांडावेत आणि वही जपून ठेवावी. पैसे लावू नयेत; त्याऐवजी रविवारचा चहा कोणी करायचा हे लावावे. कॅरम असेल तर तोही दोघांचा खेळ आहे, नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी, आणि राणी घेतल्यावर तिला कव्हर द्यायची जी धडपड होते त्यात दिवसभराचा शिणवटा निघून जातो. फक्त पावसाळ्यात बोर्ड दमटून सोंगट्या अडखळतात, तेव्हा तो आधी कोरड्या फडक्याने पुसून थोडी पावडर टाकावी.

वाचून दाखवणे ही कल्पना अनेकांना जुनाट वाटते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत दर वर्षी दोन-तीन तरी अंक येतात आणि बहुतेक अर्धे न वाचताच रद्दीत जातात. शनिवारी एकाने एक कथा मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकावी. दहा-बारा पानांना पाऊण तास पुरतो आणि दोन अंक होळीपर्यंत जातात. ऐकणाऱ्याला झोप लागली तर वाचणाऱ्याने अपमान मानू नये. रेडिओवाल्यांसाठी विविध भारती आहेच; १९५७ पासूनची ती सोबत रात्री दहाच्या ‘छायागीत’मध्ये अजून ऐकू येते आणि त्यात निवड करण्याची जबाबदारी आपली नसते, हा मोठा आराम आहे. सिनेमा पाहायचा असेल तर त्याचे नाव शुक्रवारी पक्के करावे. पूर्वी दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. आता तासभर नुसती पोस्टरे सरकवून माणसे काहीही न पाहता झोपतात.

आमची आवडती गोष्ट मात्र काशाची वाटी ही आहे. कासे म्हणजे साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील यांचा मिश्रधातू. बाजारात पितळी वाटीही त्याच नावाने गळ्यात मारतात, म्हणून घेताना नखाने टिचकी मारून पाहावी, काशाचा नाद घंटेसारखा लांबत जातो. एकाने खुर्चीवर बसावे, दुसऱ्याने समोर पाटावर किंवा स्टुलावर बसून मांडीवर जुना पंचा पसरावा आणि त्यावर जोडीदाराचे पाऊल घ्यावे. तळव्याला अर्धा चमचा साजूक तूप किंवा खोबरेल लावून वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांपर्यंत गोल फिरवत जावे, चवड्याखाली थोडा जोर, मधल्या खोलगट भागात हलका हात. सात-आठ मिनिटांत तूप राखाडी आणि मग काळे होते. ‘अंगातली उष्णता निघाली’ असे आजी म्हणायची. खरे तर तूप, घाम आणि घासली जाणारी धातू यांच्यामुळे हा रंग येतो, उष्णतेचा त्याच्याशी संबंध नाही. पण त्यामुळे तळपाय हलके होतात हे काही खोटे ठरत नाही. दुसऱ्या पावलालाही तेवढाच वेळ द्यावा, मग डाळीचे पीठ भुरभुरून काळे तूप टिपून घ्यावे आणि कोमट पाण्याने पाय धुवावेत. धुतल्याशिवाय फरशीवर पाऊल टाकू नये. मी एकदा तशीच फोन घ्यायला उठले आणि फ्रिजपर्यंत पोहोचण्याआधी बसकण मारली. आठवडाभर कमरेला शेक घेत होते. मधुमेहामुळे ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांच्या पायांवर जोर देऊ नये, आणि भेग किंवा जखम असेल तर वाटी फिरवूच नये.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, त्याच संध्याकाळी अदलाबदल झाली पाहिजे. अर्धा तास तुझे पाय, अर्धा तास माझे. ‘माझे पुढच्या वेळी’ म्हणणारी बायको पुढच्या वेळीही तेच म्हणते, हे मी स्वतःवरून सांगते.

सहावी पायरी: काय बोलायचे नाही

गप्पांचे विषय ठरवून देणे मला पटत नाही, पण न बोलण्याचे विषय ठरवलेले बरे. आमच्या यादीत गृहकर्जाचा हप्ता, दोन्हीकडची माहेर-सासरची देणीघेणी, मुलाचे गुण आणि त्याची क्लासची फी आहे. हे विषय टाळले तर ते साचतात, म्हणून त्यांना रविवारी सकाळच्या चहाबरोबर वीस मिनिटे दिलेली आहेत. पेन आणि वही घेऊन बसायचे आणि उठायचे. शनिवारी त्यातला एखादा निघालाच तर ‘उद्या’ एवढाच शब्द म्हणायचा, आणि समोरच्याने त्यावर चिडायचे नाही.

बोलायला काहीच सुचले नाही तरी घाबरू नये. गॅलरीत दोन खुर्च्या टाकून खालच्या रस्त्यावरचे लोक पाहत बसणे हीसुद्धा पूर्ण संध्याकाळ आहे. जवळीक हवी असेल तर तिला आठवड्याच्या सर्वांत थकलेल्या क्षणावर सोडू नये. साडेदहाला दिवे मालवले आणि खोलीची कडी लावली की दोघे जागे असतात. साडेबाराला बहुधा एकच असते. आणि एखाद्याला त्या रात्री फक्त झोपच हवी असेल तर तेही सुट्टीतच मोडते.

अडचणी येतातच. न सांगता पाहुणे येतात. त्यांना खिचडी वाढावी, रमीला बसवावे आणि आपली संध्याकाळ गेली असे समजावे. क्रिकेटचा सामना असेल आणि एकालाच त्यात रस असेल तर त्याने सरळ तो पाहावा, पण त्या दिवसाला ‘आपली संध्याकाळ’ म्हणू नये.

झोपण्यापूर्वीचे शेवटचे काम विरजणाचे. दूध बोटाला सोसेल इतके कोमट झाले की अर्ध्या लिटरला अर्धा चमचा दही घालून, एकदा ढवळून, झाकून ठेवायचे. ज्याचे जेवण त्याचेच विरजण, असे आमच्याकडे ठरले आहे, म्हणजे ‘तेवढे लावतेस का गं’ अशी हाक अंथरुणावरून येत नाही. मागच्या शनिवारी नवरा विसरला. मला ते आठवले होते, मी काही बोलले नाही. रविवारी थालीपिठे तव्यावर असताना चपला घालून, पिशवी घेऊन, तो दही आणायला खाली गेला.